दोघांत एकच बंदूक : ‘रेझिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स २’ खऱ्या शेवटापर्यंत कसा न्यायचा

परभणीत आमच्या घरी दर मे महिन्यात एखादा तरी मावसभाऊ तोंड पाडून बसलेला असतो. दोन रात्री जागून त्याने ‘रेझिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स २’ हा दोघांनी मिळून खेळायचा भीतीचा गेम संपवलेला असतो आणि तरी त्याचा प्रश्न तयारच असतो, “दादा, हे असंच संपतंय का? काहीतरी राहिल्यासारखं वाटायलंय.” राहिलेलंच असतं. तिसऱ्या एपिसोडमध्ये काही क्षणांत एक चूक होते आणि तिथून गेम गुपचूप वाईट शेवटाच्या रस्त्याला लागतो. सांगत कुणी नाही. पुढचा अख्खा एपिसोड खेळून झाल्यावर कळतं.

चूक तिथे दिसली तरी तिचं मूळ पहिल्या तासातच असतं. आपण हा गेम बंदूकवाल्याचा समजतो. ज्याच्या हातात पिस्तूल तो खेळाडू, आणि दुसरा बॅटरी धरून मागे मागे. खरं तर हा गेम मागच्याचा आहे. हे डोक्यात बसलं की खाली लिहिलेल्या निम्म्या सूचना आपोआप पाळल्या जातात.

खाली कथेतली काही गुपितं उघड होतील. त्यांच्याशिवाय हे सांगता येत नाही. आणि गेम १८ वर्षांवरच्यांसाठी आहे, त्यामुळे आत्याची सात वर्षांची पोर शेजारी बसवून सुरू करू नका. रात्री ती झोपणार नाही आणि बोलणी तुम्ही खाल.

पायरी १ : विकत घेताना काय बघायचं

पीसीवर हा गेम तुकड्यांत विकला जातो. मुख्य नावाने दिसणारी स्वस्त वस्तू म्हणजे बऱ्याचदा फक्त पहिला एपिसोड, ‘पीनल कॉलनी’. पुढचे तीन आणि दोन जादा एपिसोड वेगळे घ्यावे लागतात, किंवा सगळं एकत्र असलेली आवृत्ती घ्यावी लागते. पैसे भरण्याआधी त्या पानावर ‘यात काय काय आहे’ ही यादी शेवटपर्यंत वाचा. चार मुख्य एपिसोड आणि ‘द स्ट्रगल’ व ‘लिटल मिस’ हे दोन जादा, अशी सहा नावं दिसली पाहिजेत.

सेल लागेपर्यंत थांबा. हा गेम २०१५ चा आहे, थांबल्याने शिळा होणार नाही.

*सावध :* कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेली जुनी प्रत घेऊ नका. चोरीचा माल हा एक मुद्दा झालाच, पण दुसरा मुद्दा तुमच्या थेट गरजेचा आहे. पीसीवर गेम आला तेव्हा एकाच मशीनवर दोघांनी खेळायची सोय त्यात नव्हती, ती नंतरच्या अपडेटने आली. जुन्या प्रतीत दुसरा कंट्रोलर कितीही वेळा काढून लावला तरी तो मुका तो मुकाच.

पायरी २ : डाउनलोड

मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर एवढा मोठा गेम उतरवायला बसलात तर पंधरवडा जाईल. ज्याच्या घरी फायबर आहे अशा मित्राकडे आपला पीसी किंवा हार्ड डिस्क घेऊन जा, तिथे स्वतःच्या खात्याने उतरवा आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमधल्या बॅकअपच्या सोयीने हार्ड डिस्कवर एक प्रत करून ठेवा. घरी आल्यावर ती परत बसवायची आणि एकदा फायली तपासून घ्यायचा पर्याय चालवायचा. त्यात थोडाफार डेटा जातो, तेवढा मोबाइल पुरवतो.

*तपासा :* घरी आणल्यावर इंटरनेट चालू असतानाच एकदा गेम उघडा, मुख्य मेनूपर्यंत जा, चारही एपिसोड कुलपाशिवाय दिसतात का बघा आणि बंद करा. पाव्हणे जमल्यावर पहिल्यांदा उघडायचा नसतो.

पायरी ३ : लाईट, गरमी आणि अर्थिंग

हे गेमच्या मार्गदर्शकात कशाला, असं पुण्या-मुंबईचा माणूस विचारेल. आपल्याकडे विचारायची गरज नाही.

हा गेम स्वतःहून ठरावीक ठिकाणी सेव्ह करतो. कधी कधी दोन ठिकाणांमध्ये बराच वेळ जातो. अशा वेळी लाईट गेली की शेवटच्या ठिकाणापासून परत. गोळ्या तेवढ्याच, दार तेच, राक्षस तेच. आणि ऐन सेव्ह होत असताना वीज गेली तर सेव्हची फाइलच खराब व्हायची भीती असते.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला एक बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर दोन पद्धती असतात, एक साधी आणि एक यूपीएसची. साध्या पद्धतीत लाईट जाऊन इन्व्हर्टर चालू होईपर्यंतचा झटका पंख्याला कळत नाही, पण पीसी बंद पडतो. बटण यूपीएसवर करा. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही पॉवर सप्लाय त्यावर नीट चालत नाहीत. तिथे पीसीला वेगळा छोटा यूपीएस लावणं बरं. मात्र ६०० व्हीएच्या यूपीएसवर खेळत बसायचं नसतं. ग्राफिक्स कार्ड असलेल्या पीसीला तो काही मिनिटं देतो. त्या मिनिटांत पॉज करायचं, मेनूत बाहेर यायचं आणि मशीन नीट बंद करायचं, बस.

*तपासा :* गेम सुरू करण्याआधी, पीसी नुसता डेस्कटॉपवर असताना, घरातला मेन स्विच पाडून बघा. पीसी तसाच राहिला तर पुढे जा. ही परीक्षा घरातल्यांना सांगून घ्या. आमच्याकडे मी एकदा न सांगता मेन पाडला तेव्हा आईची मालिका चालू होती.

दुसरं, गरमी. बेचाळीस-त्रेचाळीस अंशाच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ग्राफिक्स कार्ड तापतं आणि ऐन लढाईत चित्र अडकायला लागतं. लोक म्हणतात गेम भंगार आहे. गेम भंगार नाही, कॅबिनेटमध्ये गेल्या उन्हाळ्यापासूनची धूळ आहे. साइडचा पत्रा काढा, ब्लोअर मारा, मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं गरगर फिरून खराब होतं. कूलर पीसीच्या थेट समोर ठेवू नका, त्याची हवा ओली असते. शक्य असेल तर दुपारी खेळूच नका. रात्री दहानंतर खोली निवते आणि गेमलाही तीच वेळ शोभते.

तिसरं, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग कोरडं पडलंय. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. खड्ड्यात पाणी ओता, तरी फरक पडला नाही तर वायरमनला बोलवा. झिणझिण्या येणाऱ्या मशीनला कंट्रोलर लावून तासन् तास धरून बसू नका.

पायरी ४ : कंट्रोलर आणि पडदा

दोघांत खेळताना पडदा दुभागतो, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला अर्धंच चित्र येतं. १९ इंची मॉनिटरवर मागच्याला काही दिसत नाही, आणि मी आधीच म्हटलंय, गेम मागच्याचा आहे. एचडीएमआयने टीव्हीला जोडा.

कंट्रोलर दोन असलेले उत्तम. स्वस्तातला यूएसबीचा कंट्रोलर असेल तर त्यावर बऱ्याचदा एक पद्धत बदलायचं बटण किंवा खटका असतो. तो एक्सबॉक्ससारखा ओळखला जाईल अशा बाजूला ठेवा. तरीही गेमला कळत नसेल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन त्याची बटणं एकदा बसवून घ्या.

*तपासा :* दोन्ही कंट्रोलर गेम उघडण्याआधी लावलेले हवेत. मोहीम, म्हणजे मुख्य कथा, सुरू करताना दोन खेळाडूंचा पर्याय निवडा आणि दोन्ही पात्रं हलतात का ते पहिल्या दोन मिनिटांत बघा. इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या मित्राला कथेत बोलवता येत नाही. कथा एकाच खोलीत बसून खेळायची. हे नांदेडच्या एका भावाला मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तो एसटीत बसून आला.

ब्राइटनेसची एक फार होणारी चूक सांगतो. ट्यूबलाइट चालू, खिडकी उघडी, काही दिसत नाही म्हणून गेममधला उजेड पार वर नेऊन ठेवतात. मग अंधारच उरत नाही, बॅटरीचा झोत कुठे पडतोय ते कळत नाही आणि चकाकणाऱ्या वस्तू निसटतात. आधी खोली काळोखी करा, मग गेम सुरुवातीला सांगतो तसा उजेड लावा.

पायरी ५ : कोण कोण होणार, हे भांडण आधीच मिटवा

प्रत्येक एपिसोडचे दोन भाग असतात. पहिल्यात क्लेअर रेडफिल्ड आणि मोइरा बर्टन, दुसऱ्यात मोइराचे वडील बॅरी बर्टन आणि नतालिया नावाची लहान मुलगी. क्लेअर आणि बॅरीकडे बंदुका. मोइराकडे बॅटरी आणि पहार. नतालियाकडे विटा आणि बोट.

सगळ्यांना क्लेअर आणि बॅरी हवे असतात. घरातला मोठा ते घेतो आणि धाकट्याच्या हातात बॅटरी देतो, जशी शेतात मोटार चालू करायला जाताना देतात. हीच पहिली चूक. दोघांत ज्याची नजर तीक्ष्ण, जो घाबरला तरी बटण सोडत नाही आणि जो दर कोपऱ्यात डोकावल्याशिवाय पुढे जात नाही, तो मोइरा आणि नतालिया. आमच्याकडे ती माझी धाकटी बहीण होती. मी क्लेअर झालो, कारण मला नुसतं ढिश्यूम ढिश्यूमच जमतं.

एक पक्का नियम करा : एपिसोडच्या मध्येच अदलाबदल नाही. क्लेअरचा हात बसायला वेळ लागतो, मोइराचा त्याहून जास्त.

पहिल्या वेळी अवघडपणा मधला, म्हणजे नॉर्मल ठेवा. सोप्यावर गोळ्या मुबलक मिळतात, मग दोघांनाही बॅटरीची गरज वाटत नाही आणि तिसऱ्या एपिसोडपर्यंत मोइरावाला कंटाळून मोबाइल बघायला लागलेला असतो. नेमका तिथेच तो लागतो.

पायरी ६ : पहिला एपिसोड, इथे फक्त सवय लावायची

क्लेअर आणि मोइरा एका बेटावरच्या तुरुंगात जाग्या होतात, हातात जवळजवळ काही नाही. मनगटावर एक पट्टा असतो, त्याचा रंग भीतीप्रमाणे बदलतो. तो कथेचा भाग आहे, तुमच्या तब्येतीचा काटा नाही. कित्येक जण तो रंग बघून औषध खात बसतात.

इथे एकच क्रम घटवायचा, आणि तो दहा वेळा केल्याशिवाय पुढे जायचं नाही :

१. शत्रू दिसला की मोइराने झोत रोखून थेट त्याच्या तोंडावर धरायचा. तो डोळे झाकत थबकतो.
२. क्लेअरने तेव्हाच जवळ जाऊन हाताने मारायचं. गोळी नाही.
३. तो पडला की मोइराने पहार घालायची.
४. अजून उठत असेल तरच गोळी, आणि ती डोक्यात.

बहुतेक जोड्या हा क्रम उलटा करतात. आधी चार गोळ्या, मग बॅटरी. एपिसोडच्या अखेरीस पिस्तूल रिकामं आणि तोंडावर एकच वाक्य, “गेममध्ये गोळ्याच देत नाहीत.” देतात. तुम्ही पेरणीआधीच बी भाजून खाल्लंत.

शत्रूची पाठ असेल तर बॅटरी बंद, वाकून मागून जा आणि सुरीने काम उरका. मोइरावाल्याला सवयीने बॅटरी लावायची खोड असते. क्लेअरने आधी तोंडाने सांगायचं, “बॅटरी बंद कर,” मग वाकायचं. आम्ही या एका कारणावरून पहिल्या रात्री सहा वेळा भांडलो. “अगं काय करायलीस, बंद कर की!” हे वाक्य शेजाऱ्यांनाही पाठ झालं होतं.

चुकवायचंही एक बटण आहे. बटण आणि दिशा एकदम दाबली की पात्र झटकन बाजूला होतं. मोकळ्या खोलीत पाच मिनिटं नुसतं हेच करा. वार झेलून औषध खाण्यापेक्षा वार चुकवणं स्वस्त.

*तपासा :* क्लेअरचा भाग संपताना पिस्तुलाच्या गोळ्या भाग सुरू असतानाच्या सरासरीपेक्षा कमी झाल्या असतील तर पुढे जाऊ नका. तोच भाग परत खेळा. आज गेलेला एक तास परवडतो.

पायरी ७ : खोली झाडून काढायची पद्धत

मोइराची बॅटरी नुसती शत्रूसाठी नाही. काही वस्तू अंधारात लपलेल्या असतात, झोत पडला की लखलखतात आणि मगच उचलता येतात. नतालियाचं बोटही तेच करतं. पहारीने कुलूपबंद पेट्या आणि ठोकलेली दारं उघडतात. म्हणजे सगळी कमाई मागच्याच्या हातात आहे.

तेव्हा खोलीत शिरल्यावर बंदूकवाल्याने दारात उभं राहायचं, तोंड आल्या वाटेकडे. मागच्याने उजव्या भिंतीला धरून पूर्ण फेरी मारायची, टेबलाखाली, कपाटामागे, छताच्या कोपऱ्यात झोत टाकायचा. फेरी झाली की “झालं” म्हणायचं. मगच पुढचं दार. दोघांनी एकदम शोधायला लागलात तर दोघांनाही वाटतं त्या कोपऱ्यात दुसरा गेला होता.

सापडलेल्या रत्नांचे पुढे गुण होतात. बंदुकीचे सुटे भाग मिळाले तर ते फक्त कामाच्या बाकावर बसवता येतात, त्यामुळे बाक दिसला की न थांबता जाऊ नका. सगळे भाग तीन बंदुकांत वाटून टाकण्यापेक्षा एका पिस्तुलात घाला. गोळ्या पिस्तुलाच्याच जास्त मिळतात.

रिकाम्या बाटल्या, कापड, स्पिरिट असलं काय काय सापडतं, त्यातून फेकायच्या बाटल्या बनतात. धुराची बाटली लोक कचरा समजतात. तीन-चार जण अंगावर आले की मला आगीच्या बाटलीपेक्षा तीच बरी वाटते. शत्रू गोंधळतात आणि दोघांना निसटायला वाट मिळते.

पडद्यावर रक्त वाहत असल्याची खूण दिसली तर पट्टी बांधायची, वनौषधी नाही. डोळ्यांवर चिकट घाण उडून दिसेनासं झालं तर जंतुनाशक. वनौषधी फक्त तब्येतीसाठी. घाईत तीनही प्रसंगी वनौषधीच खाल्ली जाते, म्हणून औषधांचा हिशोब एकाकडे द्या. आमच्याकडे तो बहिणीकडे होता. ती एक पट्टी द्यायच्या आधी “खरंच लागतीय का?” असं विचारायची.

*सावध :* एपिसोडमधल्या गुणांतून पात्रांची कौशल्यं विकत घेता येतात. सगळे गुण बंदूकवाल्यावर उधळू नका. निम्मे तरी मोइरा आणि नतालियावर घाला.

पायरी ८ : बॅरीचा भाग, इथे बोलायला शिका

बॅरीकडे पहिल्यापासून दणकट हत्यारं आहेत, त्यामुळे क्लेअरचा भाग संपवून इथे आलं की हात मोकळे सुटतात. आवरा. क्लेअरचा आणि बॅरीचा साठा वेगळा आहे. बॅरीला शेवटच्या एपिसोडमध्ये बराच लांबचा पल्ला गाठायचा आहे. मॅग्नम या जबर ताकदीच्या पिस्तुलाच्या गोळ्या म्हणजे घरातलं सोनं. अडीअडचणीला काढायचं, भाजीला नाही.

नतालियाला भिंतीपलीकडचे शत्रू जाणवतात. ती बोट रोखते तेव्हा काही राक्षसांच्या अंगावरची कमकुवत जागा चमकते. रेव्हेनंट नावाचे तुकडे शिवून केल्यासारखे प्राणी भेटतील, त्यांची ती जागा प्रत्येकात वेगळी असते. एकाची मांडीत, दुसऱ्याची खांद्यात. नतालियावाल्याने आधी बोट, मग तोंड : “डावा पाय.” बॅरीने तिथेच मारायचं. बोलण्याआधी गोळी नाही.

मग येतात ग्लास्प. उडणारे, आणि बॅरीला दिसतच नाहीत. फक्त नतालियाला दिसतात. जवळ आले की चित्र डगमगायला लागतं, आणि अंगाला भिडले तर तिथेच खेळ खलास होऊ शकतो. बहुतेक जण इथे घाबरून चौफेर गोळीबार करतात आणि अर्धा साठा हवेत घालवतात. करायचं असं :

१. चित्र डगमगलं की दोघांनीही जागच्या जागी थांबायचं, मागे हटायला वाट आहे का बघायची.
२. नतालियाने गोल फिरून शोधायचं, दिसला की बोट रोखून ठेवायचं. बोट हलवायचं नाही.
३. बॅरीने ती खूण धरून नेमक्या दोन-तीन गोळ्या.
४. वीट असेल तर नतालियाने मारायची, बॅरीला श्वास मिळतो.

दिशा सांगताना “तिकडं तिकडं” म्हणू नका. “तिकडं” म्हणजे कुठं, हे दुसऱ्या अर्ध्या पडद्यावर कळत नाही. आम्ही खोलीतल्याच वस्तू ठरवून घेतल्या होत्या : माठाकडं, दाराकडं, कूलरकडं. हसू आलं तरी चालतं, काम होतं.

क्लेअरच्या भागात केलेल्या काही गोष्टींचे परिणाम बॅरीच्या भागात दिसतात, कारण बॅरी त्याच बेटावर नंतर आलेला आहे. म्हणून क्लेअरचा भाग घाईत उरकू नका.

पायरी ९ : दुसरा एपिसोड

यात एक ठिकाण असं आहे जिथे बारमध्ये अडकून चोहोबाजूंनी हल्ला होतो. लोक सगळ्यांना मारायला बघतात. मारून संपवायची ती जागा नाही, तग धरायची आहे. धुराच्या बाटल्या, बॅटरी, फिरत राहणं. साठा इथे संपवलात तर पुढे ड्रिल घेतलेला राक्षस अंगावर येतो तेव्हा हातात सुरी उरते.

बाकी एपिसोड सरळ आहे. पायरी ७ ची पद्धत चालू ठेवा.

पायरी १० : तिसरा एपिसोड, इथे खरा निकाल

आता नीट वाचा.

मोइराने लहानपणी चुकून बंदूक झाडली होती आणि धाकट्या बहिणीला लागलं होतं. तेव्हापासून ती बंदुकीला हात लावत नाही. पहिल्या एपिसोडपासून ती पहारच का वापरते याचं हे कारण, आणि गेमचा शेवट याच कारणावर लटकलेला आहे.

तिसऱ्या एपिसोडमधल्या क्लेअरच्या भागाच्या शेवटी नील नावाच्या माणसाशी लढाई आहे. तो एव्हाना माणूस राहिलेला नसतो. लढाईत क्लेअरचा साठा मोकळ्या हाताने वापरा. चौथ्या एपिसोडमधला क्लेअरचा भाग अगदी छोटा आणि पळापळीचा आहे, त्यासाठी गोळ्या राखून ठेवणं म्हणजे बैल विकल्यावर कडबा साठवणं.

त्याला पुरेसं मारलं की तो क्लेअरला धरून दाबतो आणि पिस्तूल बाजूला पडतं. पडद्यावर बटण दिसतं. आणि इथे प्रत्येक माणूस तेच करतो जे आजवर प्रत्येक गेमने शिकवलंय : बटण दिसलं की बडवा. क्लेअर हात लांबवते, पिस्तूल गाठते, नील मरतो, टाळ्या. वाईट शेवट पक्का.

करायचं ते असं :

१. लढाई सुरू व्हायच्या आधीच दोघांनी ठरवा. क्लेअरवाल्याने त्या क्षणी कंट्रोलर मांडीवर ठेवायचा. खरोखर ठेवायचा, हातात राहिला तर अंगठा ऐकत नाही.
२. मोइरावाल्याने पडलेल्या पिस्तुलाकडे जायचं आणि ते उचलायचं.
३. पुढचं बटण येईल ते मोइरानेच दाबायचं.

एकटे खेळत असाल तर क्लेअरची बटणं सोडून पात्र बदलायचं बटण दाबा, मोइराला हातात घ्या आणि पिस्तुलाकडे न्या. पात्र बदलायचं बटण कुठलं, हे त्याच दिवशी लढाईआधी दोनदा दाबून बघा. कारण एकट्याने खेळताना लोक ते आठवडाभर वापरतच नाहीत, मोइराला कॉम्प्युटर चालवत असतो.

आमच्या पहिल्या वेळी मी ऐकलं नाही. बहीण ओरडत होती, “मला जाऊ दे, मला जाऊ दे!” आणि मी बटण बडवत होतो. जिंकल्याचं वाटलं. तिनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं, आणि शेवट बघून मग मीही गप्प बसलो.

*तपासा :* नीलवर गोळी कोणी झाडली? मोइराने झाडली असेल तर पुढे जा. क्लेअरने झाडली असेल तर इथेच थांबा. बॅरीचा भाग आणि चौथा एपिसोड खेळून मग परत येण्यात काही अर्थ नाही.

*चूक झालीच तर :* अख्खा गेम पुन्हा खेळायची गरज नाही. मेनूतून तिसरा एपिसोड, क्लेअरचा भाग निवडा आणि शेवटची लढाई पुन्हा करा. मग तिथून पुढचे भाग क्रमाने खेळा. क्रम मोडून थेट शेवटच्या भागात उडी मारू नका.

पायरी ११ : चौथा एपिसोड

क्लेअरचा भाग म्हणजे नुसतं पळणं. उचलायला थांबू नका, लढायला थांबू नका, मोइरावाल्याने क्लेअरच्या पुढे धावायला हरकत नाही.

बॅरीचा भाग लांब आहे. तो सुरू करायच्या आधी पाणी पिऊन या, मोबाइल चार्जिंगला लावा, यूपीएसचा दिवा बघा. आम्ही तो रात्री साडेअकराला सुरू केला होता, गच्चीवर सगळे झोपायला गेल्यावर. राखलेलं मॅग्नम शेवटच्या लढाईसाठीच. चांगल्या शेवटाच्या वाटेवर असाल तर ती लढाई तुम्हाला मिळते आणि त्यात वरून हेलिकॉप्टरमधून मदत येते. कुणाची, ते सांगत नाही. मदत येईपर्यंत मारण्यापेक्षा चुकवण्यावर भर द्या, आणि नतालियाचं ऐका.

पायरी १२ : उरलेले दोन

‘द स्ट्रगल’ आणि ‘लिटल मिस’ मुख्य कथेनंतरच खेळा, आधी खेळलात तर उरलीसुरली गुपितं फुटतात. ‘द स्ट्रगल’मध्ये मोइरा एका म्हाताऱ्यासोबत बेटावर दिवस काढते. तिथे मेल्यावर पुन्हा उभं राहायच्या संधी साठवलेल्या अन्नावर अवलंबून असतात. शिकारीचा टप्पा कंटाळवाणा म्हणून लोक उरकतात आणि शेवटच्या टप्प्यात अन्न संपून परत पहिल्यापासून बसतात. शिकार नीट करा, प्राणी दिसला की दोघांनी दोन बाजूंनी जा. मोइराच्या हातात आता बंदूक आहे, हे बघून बहिणीने कंट्रोलर माझ्या हातातून काढून घेतला, आणि मी दिला.